फोटोग्राफरच्या कोटेशनमध्ये छपाई आली कुठून?

साडीच्या किंवा दागिन्यांच्या कॅटलॉगचं कोटेशन मागवलं की हल्ली फोटोग्राफरकडून बऱ्याचदा दोन आकडे येतात, एक शूटचा आणि एक छपाईचा. कागद किती जीएसएमचा म्हणजे किती वजनाचा, लॅमिनेशन मॅट की ग्लॉस, माल कधी मिळणार, सगळं त्याच्याच गळ्यात.

फिल्म होती तोवर असं नव्हतं. ट्रान्सपरन्सी, म्हणजे थेट खरे रंग दाखवणारी पारदर्शक फिल्म, हातात दिली की फोटोग्राफर मोकळा. ती जाहिरात एजन्सीकडून प्रोसेसवाल्याकडे, म्हणजे छपाईसाठी फिल्म तयार करणाऱ्याकडे, जायची. तो ड्रम स्कॅनरवर चार रंगांचं सेपरेशन काढायचा, म्हणजे फोटो छपाईच्या चार शायांत वेगळा करायचा, फिल्म बनवायचा, प्रूफ म्हणजे रंगाचा नमुना द्यायचा आणि मशीनमन त्या प्रूफला रंग मिळवायचा. छपाईच्या बिलावर टक्के चढवायचे ते एजन्सीने. रंगावरून भांडण झालंच तर ट्रान्सपरन्सी लाइट बॉक्सवर ठेवायची आणि शेजारी छापील कागद धरायचा. चूक कोणाची ते दिसायचं.

1990 मध्ये फोटोशॉप आलं ते आधी प्रोसेसवाल्यांच्या कामी आलं. 1999 नंतर डिजिटल एसएलआर फोटोग्राफरांच्या आवाक्यात येऊ लागले आणि पुढच्या काही वर्षांत सीटीपीमुळे (कॉम्प्युटर टू प्लेट) छपाईची प्लेट थेट फाइलवरून निघायला लागली. फिल्म संपली, तिच्याबरोबर प्रोसेसवालाही संपला. त्याचं काम मात्र कुठे गेलं नाही. निम्मं प्रेसच्या प्री-प्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या तयारीच्या विभागात, गेलं, निम्मं फोटोग्राफरच्या कॉम्प्युटरवर येऊन पडलं. फोटोग्राफरांनी धंदा वाढवायला छपाई घेतली असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. रंगाच्या शिव्या खायच्याच आहेत तर छपाई आपल्याच हातात असलेली बरी, असाही हिशेब त्यात होता.

त्या शिव्यांच्या मुळाशी एक शब्द आहे, ‘प्रिंट-रेडी’. ग्राहकाच्या लेखी प्रिंट-रेडी म्हणजे स्क्रीनवर पसंत पडलेला फोटो. फोटोग्राफरच्या लेखी नीट रिटच केलेली, 300 डीपीआयची फाइल. प्रेसच्या लेखी मात्र स्क्रीनच्या आरजीबी रंगांतून छपाईच्या चार शायांत म्हणजे सीएमवायकेमध्ये आणलेली, कडेला कापण्यासाठी जादा भाग म्हणजे ब्लीड सोडलेली पीडीएफ. मधलं रूपांतर कोणी करायचं, यावर वर्षानुवर्षं टोलवाटोलवी चालली. स्क्रीनवर झळाळणारा गर्द निळा शाईत उतरला की जांभळट होतो. तशा निळ्या रंगाची पैठणी कॅटलॉगमध्ये वांगी रंगाची छापली गेली की दुकानदार फोन करतो तो फोटोग्राफरलाच. प्रेसवाल्याला तो ओळखतही नसतो.

प्रेसवाले म्हणायचे, सीएमवायके करूनच द्या. ऐकायला रास्त, पण ते करायचं कोणत्या कागदासाठी? प्रत्येक शाई पूर्ण लागली तर 100 टक्के धरतात; आर्ट पेपर चारही शाया मिळून 300 ते 330 टक्के सोसतो, वर्तमानपत्राचा कागद म्हणजे न्यूजप्रिंट 240 च्या आसपासच दम टाकतो. म्हणजे कागद ठरल्याशिवाय रूपांतर करणं हा अंदाजपंचेच कारभार. रंगांचे प्रोफाइल, म्हणजे कोणतं यंत्र कोणता रंग कसा दाखवतं याची नोंद, एका भाषेत बोलावेत म्हणून 1993 मध्ये आठ कंपन्या एकत्र आल्या होत्या. तरीही ‘तुमच्या मशीनचा प्रोफाइल द्या’ म्हटल्यावर ‘साहेब, नेहमीसारखं पाठवा’ हे उत्तर मी स्वतः ऐकलेलं आहे. या वादात प्रेसवाल्यांनी अंग काढून घेतलं, असंच माझं मत. त्यांची बाजूही आहे म्हणा. फोनवरून आलेल्या फाइली छापून द्यायच्या म्हणजे त्यांच्याही डोक्याला तापच.

गंमत अशी की जबाबदारी आली तरी मालकी आली नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढायला सांगितलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणाराच, फोटोग्राफर नव्हे. 2012 च्या दुरुस्तीने फोटोच्या हक्काची मुदत वाढवली. हे कलम तसंच राहिलं.

आता बरीच प्रेस उलट सांगतात, आरजीबीच पाठवा, रूपांतर आम्ही करतो. पण एव्हाना कामाची घडी बसून गेली आहे. छपाई अंगावर घेतलेला फोटोग्राफर रात्री अकराला प्रेसवर जातो, मशीन लागेपर्यंत चहा पितो, ‘निळा थोडा उतरवा’ म्हणतो आणि मनासारख्या आलेल्या शीटवर तारीख-वेळ घालून सही करतो. ती शीट मशीनशेजारी टेबलावर चिकटवली जाते. पुढचा सगळा माल तिलाच मिळवायचा.