कॉन्फिडन्स कमी आहे म्हणून इंजिनिअरिंग सोडलं? ही दोन वेगळी दुखणी आहेत

फर्स्ट इयरला दोन-तीन केट्या लागल्या (म्हणजे दोन-तीन विषय राहिले) आणि पोरगी बॅग भरून गावी आली की मावशीपासून मेंटॉर सरांपर्यंत सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं, "कॉन्फिडन्सच नाही तिच्यात". उपायही ठरलेला, एखादा मोटिव्हेशनल स्पीकर बोलवायचा. खरंच वीट आलाय याचा.

कॉन्फिडन्स तुम्हाला माहितीये, "मला हे जमेल" असं वाटणं. फक्त एवढं धरा की तो कामागणिक बदलतो, आल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच हे मांडलंय. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला पोरगा बघा, लेथवर हात बसलेला, पण एम-१, एम-२ हे गणिताचे पेपर न करता एकदम एम-३ मधलं लाप्लास समोर येतं आणि तिथे तो गप्प होतो. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, इंग्रजीत अडखळणं हा तर भाषेचा प्रश्न, विषयाचा नाहीच.

खरा घोळ पुढे आहे. लोक धरून चालतात की कॉन्फिडन्स आला की पोरं टिकतात आणि गेला की सोडतात. असं होत नाही. सारखेच मार्क असूनही मुली स्वतःला कमी धरतात हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय, पण कमी धरणारी प्रत्येक जण सोडून जात नाही. व्हायवाला आवाज फुटत नाही, दर सेमला रूममेटला "मला नाही जमणार हे" म्हणते, आणि तीच मुलगी एटीकेटीवर (राहिलेले विषय सोबत घेऊन) पुढच्या वर्षात जाऊन राहिलेलं मेकॅनिक्स परत देते, जुने पेपर काढून फ्री बॉडी डायग्राम पहाटेपर्यंत काढत बसते. ही चिकाटी, आणि तिच्यात कॉन्फिडन्स जवळपास शून्य आहे.

उलटंही बघा. कोडिंगमध्ये वर्गात पुढे असलेला पोरगा जातो, कारण घरी कापूस गेला आणि स्कॉलरशिपचे पैसे वेळेत आले नाहीत. एखादी हुशार मुलगी जाते, कारण प्रोजेक्ट ग्रुपमधली पोरं तिला फक्त रिपोर्ट आणि पीपीटी करायला देतात, सर्किटला हात लावू देत नाहीत. तिला आपल्याला येतं हे पक्कं ठाऊक असतं, पण अशा ठिकाणी चार वर्षं काढायची तिची इच्छा नसते. हिला "स्वतःवर विश्वास ठेव" सांगणं मला तर अपमानच वाटतो, दुरुस्ती त्या ग्रुपची करा ना!

म्हणून उपाय वेगळे. कॉन्फिडन्स वाढतो छोटं काहीतरी स्वतःला जमल्यावर, आणि आपल्यासारख्याच झेडपी शाळेतून आलेली सीनियर पास झालेली दिसल्यावर, तेव्हा पहिल्या सेमच्या पहिल्या महिन्यातच ट्युटोरियल घ्या, निकाल लागल्यावर नको. टिकायला मात्र पैसा, राहायला जागा आणि सोबत लागते. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, त्याने कुणाला एम-३ येणार नाही, पण कितीतरी जणींचं ॲडमिशन टिकेल, फक्त मेसचं बिल आणि रूमचं भाडं त्यात येत नाही हे लक्षात ठेवा.

मेंटॉर मीटिंगला एवढं तरी करा, दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: कुठला टॉपिक अडलाय? आणि पुढच्या सेमला यायला अडचण काय आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत थांबा, कारण पैशाचं किंवा ग्रुपमधलं पोरं पटकन सांगत नाहीत.