कोलन टिकत का नाही? पांढऱ्या बाटलीमागची गोष्ट

सोलापुरात उन्हाळा तापला की सेंट घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो, "टिकतो किती?" ओल्ड स्पाइसच्या पांढऱ्या बाटलीबद्दल तर तक्रार ठरलेली: वास फक्कड, पण सात रस्त्यापर्यंत पोचेस्तोवर उडाला. तक्रार खरी आहे. पण टिकण्याचं हे माप आपण अत्तराकडून घेतलं आहे आणि कोलन, म्हणजे स्पिरिटमधला हा हलका सुगंध, तयार झालं ते वेगळ्याच कामासाठी.

आजीच्या पिढीला विचारून बघा. कोलनवॉटर म्हटलं की त्यांना दाढी आठवत नाही, ताप आठवतो. पोराचं अंग भाजत असलं की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायच्या. त्यातलं स्पिरिट उडताना कपाळाची उष्णता घेऊन जाई आणि खोलीत लिंबासंत्र्याचा वास मागे राही. झपाट्यानं उडणं हा त्या द्रवाचा गुणच होता. पुढे दाढीच्या आरशासमोर आल्यावर तोच त्याचा दोष ठरला.

मूळ कोलन जोहान मारिया फरिना या इटालियन माणसाचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो जर्मनीतल्या कोलन शहरात आला आणि आपल्या सुगंधाला त्यानं त्या गावाचंच नाव दिलं. त्या काळी युरोपातले श्रीमंत कस्तुरीसारखे जड वास अंगावर घेत. फरिनानं बर्गमॉट (लिंबासंत्र्याच्याच जातीचं एक फळ), लिंबू, संत्रं यांच्या सालींचं तेल शुद्ध स्पिरिटमध्ये विरघळवलं. पावसानंतरच्या इटालियन सकाळीसारखा तो वास आहे, असं त्यानं भावाला कळवलं होतं. पुढे नेपोलियन हे पाणी अंगावर अक्षरशः ओतून घेई. लोक ते औषध म्हणून पीतही असत. 1810 मध्ये नेपोलियनच्याच सरकारनं औषधांचे गुप्त पाठ, म्हणजे कृती, उघड करायचा हुकूम काढला. तेव्हा उत्पादकांनी पाठ सांगण्याऐवजी आपला माल औषधांतून काढून सुगंधांत नेला. कोलन पिण्याचं सुटून लावण्याचं झालं, त्यात या हुकमाचा मोठा वाटा आहे.

लिंबाची साल नखानं दाबली की तुषार उडतो, वास नाकात भरतो आणि थोड्याच वेळात विरतो. सालीच्या तेलातले रेणू हलके असतात, त्यामुळे ते आधी उडतात. चंदन, व्हॅनिला, डिंकासारखे जड घटक मागे राहतात. मूळ कोलनात हे जड घटक फारसे नव्हतेच, मग टिकणार काय?

पुरुषी सुगंधाला तळ, म्हणजे मागे टिकून राहणारा जड वास, मिळाला तो रसायनशाळेतून. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं 1868 मध्ये कुमारिन कृत्रिम रीतीनं तयार केलं. वाळलेल्या गवताच्या गंजीजवळून जाताना जो गोडसर वास येतो, तोच हा. 1882 मध्ये पॅरिसच्या उबिगाँ या घराण्यानं 'फुजेर रॉयाल' काढलं: लॅव्हेंडर, कुमारिन आणि ओकमॉस. आपल्याकडे दाढीच्या साबणाला, सलूनला जो 'पुरुषी' वास म्हणतात, त्याचं मूळ इथं सापडतं. ओकमॉस म्हणजे झाडावर वाढणारं दगडफूल समजा. आपल्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल त्याच गोतातलं, तेही लायकेनच, म्हणजे बुरशी आणि शेवाळ मिळून वाढणारं. मातकट, खोल वासाला दोन दूरच्या मुलखांनी सारखाच आधार शोधला, याचं मला फार अप्रूप वाटतं. ओकमॉसमुळे काहींच्या कातडीला ॲलर्जी होते, म्हणून आता त्याच्या वापरावर कडक मर्यादा आहेत. जुने नावाजलेले सुगंध "पूर्वीसारखे राहिले नाहीत" असं म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

ओल्ड स्पाइस या परंपरेत उशिरा आला. अमेरिकेतल्या शुल्टन कंपनीनं 1937 मध्ये तो आधी बायकांसाठी आणला, पुरुषांचा 1938 मध्ये. बाटलीवरचं शिडाचं जहाज अमेरिकेच्या जुन्या व्यापारी काळाची आठवण. वास मसाल्याच्या डब्यातला: दालचिनी, जायफळ, लवंगेची आठवण देणारं कार्नेशनचं फूल आणि तळाला व्हॅनिला. लवंग आणि कार्नेशन दोन्हींत युजेनॉल हा एकच वासाचा घटक असतो, म्हणून आपल्या नाकाला हा वास परका वाटला नाही. 1990 मध्ये हा ब्रँड प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेला.

आपल्या घरांत आरशापाशी जी बाटली असायची ती बहुतेक आफ्टरशेव्हची. हिशोब इथंच चुकतो. आफ्टरशेव्हमध्ये सुगंधी तेल जेमतेम एकदोन टक्के. कोलनमध्ये साधारण 2 ते 5, त्याहून दाट ओ द त्वालेतमध्ये 5 ते 15, आणखी दाट ओ द पार्फममध्ये 15 ते 20 टक्के. याउलट विजापूर वेशीकडे मिळणाऱ्या अत्तरात स्पिरिट नसतंच. उत्तर प्रदेशातल्या कनोजच्या जुन्या पद्धतीत फुलांची वाफ थेट चंदनतेलात उतरवतात. कानात ठेवलेला फाया संध्याकाळपर्यंत बोलतो तो त्या तेलामुळे. त्याच्या शेजारी आफ्टरशेव्ह उभं करणं म्हणजे सरबताला काढ्याचा निकष लावणं.

म्हणून जुना कोलन जोखायचा असेल तर तो लावल्यावर दहा मिनिटांनी, तासानं आणि चार तासांनी हुंगावा. पहिला भपकारा स्पिरिटचा असतो, त्यावरून मत बनवू नये. स्वतःच्या नाकावर फार विसंबूही नये, ते काही मिनिटांत सरावतं आणि वास असूनही जाणवत नाही. घरातल्या दुसऱ्याला विचारावं. एक फवारा मनगटावर, एक सुती रुमालावर मारावा. कातडी गरम असते, सुती कापड गार आणि धरून ठेवणारं. मे महिन्यात इथं पारा चाळिशीपार असतो, तेव्हा लिंबाचा भाग जवळजवळ लावताक्षणी संपतो आणि मसाला थेट अंगावर येतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या गार सकाळी, तीच बाटली उघडा. आधी लिंबू येतं, मग सावकाश दालचिनी, आणि व्हॅनिलापर्यंत पोचायला चांगला वेळ लागतो.