कैलास-मानसरोवर: करारांनी उघडलेली पायवाट

शतकानुशतके उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या भोटिया व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर यात्रेकरू लिपूलेख खिंड चढत, तिबेटमधल्या तकलाकोटला उतरत आणि कैलासाकडे वळत. मीठ, लोकर, धान्य यांची ने-आण चालू होती म्हणून वाट जिवंत होती. यात्रेची वेगळी व्यवस्था कोणी लावलेली नव्हती, तशी गरजही नव्हती.

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटबाबत करार झाला. पंचशीलामुळे तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात यात्रेकरूंसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. कैलास-मानसरोवराला परंपरेप्रमाणे जाण्याची मुभा मिळाली आणि शिपकी ला, माणा, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा, लिपूलेख या सहा खिंडी नावानिशी नोंदवल्या गेल्या. मुदत आठ वर्षांची. ती १९६२ च्या जूनमध्ये संपली आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटलं. पुढे जवळपास दोन दशकं वाट बंदच राहिली.

१९८१ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे खासदार सुब्रमण्यम स्वामी यांनी बीजिंगमध्ये चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांच्याकडे हा विषय काढला. जूनमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री हुआंग हुआ दिल्लीला आले, बोलणी पुढे सरकली आणि सप्टेंबरमध्ये पहिली तुकडी निघाली. स्वामी तिच्यात होते.

आजची घडी तेव्हापासून बसत गेली. अर्ज आणि सोडत परराष्ट्र मंत्रालयाकडे, कुमाऊँच्या बाजूला राहण्या-जेवण्याची सोय कुमाऊँ मंडल विकास निगमाकडे, सुरक्षा आणि डॉक्टर आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे. प्रत्येक तुकडीबरोबर सरकारने नेमलेला संपर्क अधिकारी असतो. या नियोजनाची खरी कसोटी लागते लिपूलेखवर. रस्ता होण्याआधी खिंडीखालच्या नाभीढांगच्या मुक्कामावरून मध्यरात्र उलटल्यावर, टॉर्चच्या उजेडात चढाई सुरू व्हायची, कारण दिवस चढला की खिंडीत वारा सुटतो. वर पोहोचल्यावर जाणारी तुकडी पलीकडच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात जाते आणि परतणारी तुकडी इकडे येते. एका बाजूला उशीर झाला की दुसऱ्या बाजूची माणसं त्या उंचीवर थंडीत ताटकळतात.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये काली नदीकाठच्या माल्पा गावावर रात्री दरड कोसळली. दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यांत यात्रेच्या एका तुकडीतले साठ जण होते, नृत्यांगना प्रोतिमा बेदीही होत्या.

२०१५ मध्ये सिक्कीममधून नथु ला खिंडीचा मार्गही खुला झाला. वाहनाने जाता येत असल्याने वयस्कर माणसांना तो सोयीचा. पण २०१७ मध्ये डोकलाममधल्या भारत-चीन लष्करी तणावात त्या वर्षापुरता बंद पडला. २०२० पासून तर कोविड आणि सीमेवरचा संघर्ष यांमुळे दोन्ही मार्ग थांबले. २०२५ मध्ये यात्रा पुन्हा सुरू झाली, पन्नास जणांच्या पंधरा तुकड्यांची.

दरम्यान लिपूलेखच्या बाजूला रस्ता झाला, त्यामुळे पूर्वीची अनेक दिवसांची पायपीट आता उरली नाही. कैलासाची परिक्रमा मात्र तशीच आहे: सुमारे ५२ किलोमीटर, तीन दिवस, मध्ये ५,६०० मीटरहून उंच डोल्मा ला ही खिंड. तिबेटी पंचांगानुसार २०२६ हे अश्ववर्ष, आणि त्या वर्षीची एक परिक्रमा तेरा परिक्रमांच्या पुण्याची मानतात. साहजिकच ओढ वाढते. म्हणूनच दिल्लीनंतर लिपूलेखच्या वाटेवरच्या गुंजीला, उंचीवर, होणारी दुसरी वैद्यकीय तपासणी मला या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची वाटते. इतक्या जवळून परत फिरावं लागणाऱ्याचं दुःख मोठं असतं, तरी ती अट सैल होऊ नये. डोल्मा लावर श्वास अडला तर तिथून माणसाला लगेच खाली आणणं फार अवघड आहे.