बागेला यायच्या आधी एवढं वाचा

आमची बाग सगळी मिळून १४ गुंठ्यांची, वाई तालुक्यात, घरामागच्या उतारावर. लॉन, कारंजं, सेल्फी पॉइंट असलं इथे काही नाही. सह्याद्रीतली, सहसा कुणी कुंडीत लावत नाही अशी झाडं आहेत, आणि त्यातली बरीचशी गुडघ्याच्याही वर येत नाहीत. वाकून, कधी उकिडवं बसून बघायची बाग आहे ही.

महिना बघून या

मागे एकदा भर मे महिन्यात पुण्याहून एक कुटुंब आलं आणि नुसत्या मातीच्या कुंड्यांची रांग बघून हिरमुसलं. चूक आमचीच, फोनवर सांगायला हवं होतं. त्या कुंड्या रिकाम्या नसतात. कंदीलपुष्पांचे कंद आत झोपलेले असतात, पाऊस पडला की कोंब वर येतात. तेव्हापासून बुकिंग घेताना आधी महिना विचारतो.

कंदीलपुष्पं बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबर. काही भागांत यांना खरचुडी म्हणतात आणि गुराखी यांचे कंद खातात. साळिंदरं, रानडुकरंही सोडत नाहीत. फूल म्हणजे एक अरुंद नळी, तळाशी फुगलेली. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत शिरते, पण नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळे परत वर येता येत नाही. तळाशी घुटमळताना परागांची पुडी तिला चिकटते. मग केस सुकतात, फूल कलंडतं आणि माशी सुटते, ती पुढच्या फुलात अडकायला. फुलामागे बारीक टॉर्च धरला तर आतल्या माशीची सावली हलताना दिसते. टॉर्च आम्ही देतो. मोबाइलचा नको, त्याने डोळेच दिपतात.

पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, शिंदळ माकडी फुलते. मांसल खोड, त्यावर काळपट लाल चांदणीसारखं फूल, पिवळे ठिपके. शिवनेरीसारख्या गडांच्या कड्यांवर, जिथे शेळीचंही तोंड पोचत नाही तिथे ही टिकून आहे. मुंबईचे गव्हर्नर (१८६२ ते १८६७) बार्टल फ्रिअर यांच्यावरून हिला फ्रेरिया हे शास्त्रीय नाव पडलं. आता अभ्यासक तिला बौसेरोसिया वंशात घालतात, पण आमच्या पाटीवर जुनंच नाव आहे, पाटी बदलायचा कंटाळा. गंमत म्हणजे रानात एवढी दुर्मीळ असलेली ही बया कुंडीत मात्र फांदीवरून सहज लागते. फांदी कापून चार दिवस सावलीत सुकवायची आणि मुरमाड मातीत खोचायची. पाणी जास्त झालं तर कुजते, बाकी तक्रार नाही.

दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीच्या ट्रेला हात लावू नका, आणि मुलांना सांगा, भाताचं शीत ठेवून बघायचं नाही. ती बोअरच्या क्षारांनी मरते, म्हणून पागोळीचं पाणी पिंपात साठवून तेच घालतो. मे-जूनमध्ये आलात तर शेवळं जमिनीतून वर आलेली दिसतील. पान नंतर, फूल आधी. वास फार चांगला नाही. आमच्या घरी त्याची भाजी होते, काकडं (एक आंबट रानफळ) घालून, नाहीतर घसा खाजतो. फेब्रुवारी ते एप्रिल सीताअशोक केशरी झुबक्यांनी भरतो. सोसायटीच्या भिंतीलगत सरळसोट उभा असतो तो हा नव्हे, तो खोटा अशोक.

रोपं विकत मिळतात का?

आम्ही इथे बियांपासून किंवा फांदीपासून वाढवलेली, तेवढीच. कधी दोन असतात, कधी एकही नसतं. गडावरून उपटून आणलेला कंद "तुमच्याकडे जगेल" म्हणून घेऊन येऊ नका, आम्ही ठेवून घेत नाही. रानात असं काही सापडलं तर फोटो जरूर काढा, फक्त जागेचं नाव टाकू नका. जागा कळली की पुढच्या पावसाला तिथे खड्डे दिसतात.

येताना

सकाळी साडेसातची एकच फेरी, एका वेळी ८ जण, साधारण दीड तास. माणशी १५० रुपये, १० वर्षांखालच्या मुलांना काही नाही. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा पकड असलेले बूट घाला. छत्री नको, रेनकोट आणा. छत्रीच्या काड्यांनी दर वर्षी एखादा वेल तुटतो. गाडी देवळापाशी लावून पाच मिनिटं चालायचं आहे. शेवटी ओसरीवर चहा असतो, गुळाचा. बिनगोडाचा हवा असेल तर आल्या आल्या सांगा.