दोन गोळ्या बदलून झाल्या, पुढे काय?

डिप्रेशनची दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस घेऊनही गुण आला नाही, की डॉक्टर त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. घरच्यांच्या कानाला मात्र ते ‘आता काही होणार नाही’ असं ऐकू येतं, आणि ते खरं नाही.

मुळात ‘पुरेसे दिवस’ म्हणजे किमान चार ते सहा आठवडे. मळमळ होते म्हणून दहाव्या दिवशी अर्ध्यावर टाकलेली पट्टी घरोघरी सापडते. असं औषध हरलेलं नसतं, ते पुरतं वापरलेलंच नसतं. थायरॉईड बिघडलेला असेल, दारू चालू असेल किंवा पूर्वी कधी उन्मादाचा, म्हणजे मन टोकाचं उत्तेजित होण्याचा, झटका येऊन गेला असेल, तरी गोळी लागू पडत नाही. म्हणून नव्या औषधाआधी ही चौकशी हवीच.

अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. त्यात ४,०४१ रुग्ण नोंदवले गेले होते. पहिल्या औषधाने साधारण तिघांतल्या एकाची लक्षणं जवळपास पूर्ण गेली. दुसऱ्या पायरीवरही यश जवळपास तेवढंच होतं, पण तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ते सातांत एकापर्यंत घसरलं. त्यातली मोजणी जास्त आशावादी होती, अशी टीका पुढे झाली. तरीही नुसती औषधं बदलत राहणं पुरत नाही, हे त्यातून दिसतंच.

अशा वेळी चालू औषध न काढता त्याला दुसऱ्याची जोड देता येते. कॅनडातल्या क्लोद द माँतिन्यी आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली आठ रुग्णांची हकिकत छापली. जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी त्यांना उतार पडत नव्हता. त्यात लिथियम हे मनाचे चढ-उतार आवरणारं औषध मिसळल्यावर दोन दिवसांत फरक दिसला. त्यांचा तर्क असा होता, की आधीच्या गोळीने मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाला जास्त संवेदनशील झालेल्या असतात आणि लिथियम ते सेरोटोनिन वाढवतं. प्रत्येकाला इतक्या झटपट गुण येत नाही, हे नंतर कळलं. पण लिथियमची जोड आजही दिली जाते, आणि माझ्या मते तिला नाहक घाबरलं जातं.

ॲरिपिप्राझोल किंवा क्वेटियापीन ही मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची औषधंही कमी डोसमध्ये जोडतात. पहिल्याने काहींना एका जागी बसवत नाही, तर दुसऱ्याने झोप आणि वजन वाढतं. नाकात फवारायच्या एसकेटामीन या औषधाला अमेरिकेत २०१९ साली परवानगी मिळाली. फवारा दवाखान्यातच घ्यायचा आणि निदान दोन तास देखरेखीखाली थांबायचं. औषधांनी जमलं नाही तर भूल देऊन केलेली ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा सौम्य झटका देण्याची उपचारपद्धत, आहे. सिनेमांनी तिची फार बदनामी केली, पण तीव्र नैराश्यात तिच्याइतका खात्रीचा उपाय क्वचितच सापडेल.

जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

लिथियमला जपावं मात्र लागतं. मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणी आधी होते, आणि नंतरही ठरावीक काळाने. रक्तातली लिथियमची पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलीमोल प्रति लिटर ठेवतात. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं, की मूत्रपिंड मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं आणि पातळी चढते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही ती चढते. त्यामुळे चातुर्मासात मीठ सोडायचं, निर्जळी करायची किंवा अंगदुखीवर आयबुप्रोफेन घ्यायचं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जुलाब-उलट्या, हाताला जोराची थरथर, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पातळीची तपासणी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी होते. त्या सकाळी रक्त देऊन झाल्यावरच पुढची गोळी घ्यायची.