पाखाडी चढताना नाडी मोजून बघा

आमच्या वाडीतून देवळाकडे उतरते ती पाखाडी जांभ्याची, सत्तरेक पायऱ्यांची. गेल्या शिमग्यात शेजारचे तात्या ती चढून येताना मधल्या वळणावर मटकन बसले. "छातीत दुखतंय का?" विचारलं तर म्हणाले, "नाही रे, पायात जीवच राहिला नाही." मनगट धरून नाडी मोजली, मिनिटाला ६२. ओटीवर पान लावत बसलेल्या माणसाला शोभेल अशी.

घोटाळा तिथेच होता. निवांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. चढणीवर त्याच्या दुपटीतिपटीने लागतं. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला मर्यादा असते, म्हणून ठोकेच वाढवावे लागतात. २२० मधून वय वजा केलं की कमाल वेगाचा ढोबळ अंदाज येतो. बहात्तरीच्या तात्यांचा १४८. तिथवर जायची गरज नाही, पण दमवणाऱ्या चढणीवर शंभरीच्या आसपास तरी जायला हवं. हे काम हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातल्या सायनस नोडचं. म्हातारपणी तो कधीकधी असा थकतो की बसल्याजागी ठीक चालतो, पण गरजेला वेग घेत नाही. अर्थात आधी गोळ्यांची पुडी तपासावी, कारण बीटा ब्लॉकरनेही, म्हणजे ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या गोळ्यांनीही, हेच होतं.

अशा थकलेल्या हृदयाला विजेने ठोके देणारी छोटी डबी म्हणजे पेसमेकर. १९५८ साली स्टॉकहोममध्ये माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तेव्हा तो ठरावीक वेगानेच ठोके देई. आता त्या डबीत हालचाल टिपणारा सेन्सर असतो, मोबाइल आडवा केला की चित्र फिरवणाऱ्या सेन्सरच्याच जातीचा. शरीर हललं की तो ठोके वाढवतो. काही पेसमेकर छातीतून अगदी सूक्ष्म वीज सोडून श्वासाची गती आणि खोली ओळखतात. पेशंटच्या कार्डावर डीडीडीआर किंवा व्हीव्हीआयआर लिहिलेलं असतं, त्यातला शेवटचा 'आर' म्हणजे हीच सोय.

ती उपयोगी पडते तात्यांसारख्यांना. शिवाय ज्यांचे वरचे कप्पे कायमचे थरथरतात आणि खालचे फार हळू चालतात, त्यांनाही. पण हार्ट ब्लॉकच्या कित्येक पेशंटांचा सायनस नोड ठणठणीत असतो, फक्त खालच्या कप्प्यांकडे विजेचा निरोप नेणारी वाट बंद पडलेली असते. तिथे दोन तारांचा पेसमेकर वरच्या कप्प्याचा ठोका ऐकून खाली पोचवतो. त्यांना वेगळा सेन्सर कशाला? ज्यांना चालताना अंजायना होतो, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं, त्यांना तर वाढलेला वेग त्रासच देईल.

आकडा वाढला म्हणजे माणूस जास्त चालला, असंही नाही. नाडी थोडीफारच कमी वाढणाऱ्या ८७२ पेशंटांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये आला. सेन्सर चालू केल्यावर ठोके वाढले, पण सहा महिन्यांनी ट्रेडमिलवरचा वेळ काही वाढला नाही. ताठरलेल्या हृदयाच्या २९ पेशंटांवरच्या २०२३ च्या छोट्या अभ्यासातही व्यायामाची ताकद वाढली नाही. ठोके घाईने पडले की असं हृदय नीट भरतच नाही. म्हणून सेन्सर 'आहे तर असू दे चालू' हे मला पटत नाही. आधी पेशंटला चालवून बघावं.

आणि सेन्सर काही शहाणा नसतो. डोक्यावर आंब्याची पेटी असो वा नसो, हालचाल मोजणाऱ्याला दोन्ही सारखंच. कंपन मोजणाऱ्या जुन्या सेन्सरची तर वेगळीच तऱ्हा. उतरताना पावलं धपाधप पडतात म्हणून तो वेग वाढवी, आणि चढताना, जेव्हा खरी गरज, तेव्हा मागे राही.

तात्यांची डबी बसवल्यावर पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "रोज चालता का?" तात्या "हो" म्हणाले आणि गप्प. पाखाडीचं मी सांगितलं. मग तंत्रज्ञाने त्यांना दवाखान्याचा जिना दोनदा चढायला लावला, छातीवर यंत्र धरून सेन्सर थोडा तिखट केला. आता देवळातून वर आल्यावर नाडी ९८ भरते, आणि वळणावर ते बसत नाहीत.

एक कुरकुर मात्र राहिली. एसटीत मागच्या सीटवर बसून खड्ड्यांतून दापोलीला जाताना छाती उगाच धडधडते म्हणतात. पुढच्या तपासणीला हेही सांगायचं आहे. तोवर ते ड्रायव्हरच्या मागची सीट धरतात.