खाऱ्या पाण्याच्या नकाशांची पार्श्वभूमी : समुद्रापेक्षा जमिनीची पातळी आधी

किनाऱ्यालगत गोडे भूजल खाऱ्या पाण्यावर तरंगते, कारण ते किंचित हलके असते. घनतेतल्या या फरकाचे गणित डच अभियंता बाडोन गेबेन याने १८८८च्या सुमारास मांडले. १९०१मध्ये जर्मनीच्या हर्त्झबर्गने तेच स्वतंत्रपणे शोधले. भूजल समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते. म्हणजे उपशामुळे पातळी अर्धा मीटर उतरली, तर गोड्या पाण्याचा तळ २० मीटर वर येतो.

या नियमावरून, भूजलात खारे पाणी शिरण्याच्या धोक्याचे नकाशे काढण्याची सोपी रीत मात्र २००१च्या सुमारास आली, आणि तिचा एक धागा गोव्यात आहे. गोवा विद्यापीठातले ए. जी. चाचडी आणि पोर्तुगालचे जे. पी. लोबो-फरेरा यांनी 'गॅल्डिट' निर्देशांक तयार केला. गोव्याच्या बार्देश तालुक्यात तो वापरून पाहिला गेला. त्यात सहा घटक आहेत : जलधराचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भूथराचा, प्रकार (भार १), पाणी वाहू देण्याची क्षमता (३), समुद्रसपाटीपासून भूजलाची उंची (४), किनाऱ्यापासूनचे अंतर (४), आधीच शिरलेला खारेपणा (१) आणि जलधराची जाडी (२). प्रत्येकाला २.५ ते १० गुण, धोका जास्त तितके गुण जास्त. भारासह बेरीज करून १५ने भागायचे, ७.५च्या वर धोका जास्त, ५च्या खाली कमी.

त्रिभुज प्रदेशात ही रीत जशीच्या तशी लावली की फसते. किनाऱ्यापासून १००० मीटरपलीकडच्या जागेला अंतराचे सर्वांत कमी गुण मिळतात, पण व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या फाट्यांतून भरतीचे खारे पाणी कोरड्या हंगामात कित्येक किलोमीटर आत येते. वाळू उपशाने पात्र खोल झाले की ते आणखी आत शिरते. म्हणून अंतर भरती पोहोचणाऱ्या जवळच्या फाट्यापासून मोजायला हवे. शिवाय खोल थरांत हजारो वर्षांपूर्वी अडकलेले समुद्राचे पाणी असू शकते. नमुन्याची खोली नोंदवली नाही, तर ते नवे अतिक्रमण वाटते.

सर्वांत महाग पडते ती उंचीतली चूक. मेकाँगचा त्रिभुज प्रदेश सरासरी २.६ मीटर उंच आहे असे उपग्रह-नकाशांवरून धरले जाई. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जमिनीवरच्या मोजणीतून, ती उंची ०.८ मीटर निघाली.

आता हिशेब पाहा. भूजल समुद्रसपाटीपासून १.२ मीटरवर आहे आणि समुद्र अर्धा मीटर चढला, तर उंचीचे गुण ७.५वरून १० होतात आणि निर्देशांक ०.६७ने वाढतो. (भूजल समुद्राबरोबर वर आले तर वाढ कमी, पण चर खणून निचरा केलेल्या सखल शेतात ते वर येऊ शकत नाही.) भूजल जमिनीखाली १ मीटर धरले आणि जमीन २.६ मीटर मानली, तर ते १.६ मीटरवर येते, गुण ५. खरी उंची ०.८ असेल तर ते समुद्रसपाटीच्याही खाली, गुण १०, निर्देशांकात फरक १.३३ : अर्ध्या मीटर समुद्रवाढीच्या दुप्पट.

त्यामुळे नकाशावर हवामानबदलाचे अंदाज चढवण्याआधी निरीक्षण विहिरींच्या काठाची पातळी सर्वेक्षणाच्या (उंची नेमकी माहीत असलेल्या) खुणेशी जोडून घ्यावी, पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस मोजावे, आणि भूजल उपशाने जमीन खचत असेल तिथे ही जोडणी काही वर्षांनी पुन्हा करावी.